घोंगडीच्या मागावर गालिचा: माणदेशातल्या एका विणकर गटाचा प्रकरण अभ्यास

हातमागावर नवीन वस्तू उभी करू पाहणाऱ्या गटांसाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डिझायनरांसाठी ही हकिकत लिहिली आहे. गटाचं, गावाचं आणि माल घेणाऱ्या दुकानाचं नाव दिलेलं नाही. नमुन्यांच्या टप्प्यापासून माल पोचेपर्यंतच्या बैठकांना मी हजर होतो, त्यामुळे कोणता निर्णय का झाला हे जवळून पाहता आलं.

पार्श्वभूमी

सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरचा कमी पावसाचा पट्टा म्हणजे माणदेश. इथले धनगर दख्खनी मेंढ्या पाळतात. पाऊसकाळ गावाकडे काढायचा, दिवाळीनंतर खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन पश्चिमेला, पार कोकणापर्यंत उतरायचं आणि मिरगाच्या आधी परतायचं, असं त्यांचं वर्ष चालतं. लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. तिचं सूत काढून सणगर या विणकर समाजाच्या घरांमध्ये घोंगड्या विणल्या जातात. खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेला ताणा (उभे धागे), काळ्या अंगावर पांढरा काठ.

घोंगडीचा धंदा मात्र कधीचाच खाली आला आहे. पानिपतहून येणारं स्वस्त ब्लँकेट घराघरात पोचलं. मेंढपाळाचं उत्पन्न आता मटणाच्या जनावरावर आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवण्यावर उभं आहे. अंगावर लोकर कमी पण वजन जास्त अशी माडग्याळी मेंढी अनेकांनी धरली. दख्खनी लोकरीला मिळणाऱ्या भावात कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते. ज्या गटाबद्दल लिहितो आहे, त्या गावाच्या वेशीवर अशा लोकरीचे ढीग पावसात कुजताना मी पाहिले आहेत.

गटात चार सणगर घरं होती आणि चालू अवस्थेतले माग तीन. सूत काढणाऱ्या बायका सगळ्या साठीच्या पुढच्या. ग्रामीण कारागिरांसोबत काम करणारी एक तरुण डिझायनर त्यांच्या संपर्कात आली आणि तिच्या ओळखीतून पुण्यातल्या गृहसजावटीच्या एका दुकानाने बारा गालिचांची मागणी नोंदवली. मागणीपत्रात अपेक्षा अशी होती: हाताने विणलेले, पर्यावरणाला धरून केलेले, निसर्ग आणि रोजच्या जगण्यावरून सुचलेले गालिचे.

अडचण

मागणीपत्रासोबत चित्रं आली होती. रुंद हिरवी पानं, फिकट गुलाबी फुलं, मलईच्या रंगाची जमीन. त्यातला एकही रंग या गावच्या मेंढीच्या अंगावर नाही. दख्खनी लोकर काळी, करडी, तपकिरी. पांढरी थोडी, तीही पिवळसर. काळ्या लोकरीवर कोणताच रंग उठून दिसत नाही.

आकाराचाही प्रश्न होता. मागाची रुंदी साडेतीन फूट आणि दुकानाला काही गालिचे सहा फूट रुंद हवे होते.

याहून मोठी अडचण वेळेची होती. माल द्यायची तारीख फेब्रुवारीतली, मागणी पक्की झाली दसऱ्यानंतर. दिवाळी झाली की खांडं घाटाखाली जाणार. म्हणजे लोकर घ्यायची तर दोन-तीन आठवड्यांत, आणि तीही नक्षी ठरण्याआधी.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत तीन वाटा चर्चेला आल्या.

एक म्हणजे टफ्टिंग. ताणलेल्या कापडावर हातातल्या यंत्राने धाग्याचे फासे मारायचे आणि मागून लॅटेक्सचा थर देऊन त्यावर दुसरं कापड चिकटवायचं. कोणतंही चित्र काढता येतं, काम झपाट्याने होतं. दुकानाचा कल इकडेच होता. डिझायनरने विरोध केला आणि तिची कारणं मला आजही पटतात. धागे त्या थराच्या जोरावर टिकतात. काही वर्षांनी लॅटेक्स सुकून भुगा पडायला लागला की गालिचा दुरुस्त होत नाही आणि लोकर, कापड, लॅटेक्स वेगळं करता येत नसल्यामुळे पुन्हा कशात वापरताही येत नाही. शिवाय गावातले तिन्ही माग बंदच राहिले असते.

दुसरी वाट बिकानेरहून पांढरं गालिचाचं सूत आणायची. बिकानेर ही लोकरीची मोठी बाजारपेठ, सूत एकसारखं मिळतं, रंग हवा तो देता येतो. विणणाऱ्यांना हे सोपं होतं. पण मग बांधावरची लोकर बांधावरच राहते आणि सूत काढणाऱ्या बायकांच्या हाताला काम उरत नाही. बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मग आमी काय करायचं? बगत बसायचं व्हय?" त्या एका प्रश्नाने हा पर्याय मागे पडला.

तिसरी वाट दख्खनी लोकरीचे जे रंग आहेत त्यांतच काम करायची आणि जिथे उजळ रेघ हवी तेवढ्यापुरती पांढरी लोकर निवडून वनस्पतीच्या रंगात रंगवायची. याला वेळ जास्त लागणार होता आणि दुकानाने पाठवलेली चित्रं बाजूला ठेवावी लागणार होती. गटाने हीच धरली. दुकानाला तीन नमुने पाहून मग बोला, असं सांगितलं गेलं.

रासायनिक रंग म्हणजे वाईट आणि वनस्पतीचा रंग म्हणजे चांगला अशी सरळ वाटणी या चर्चेत कोणी केली नाही, हे नोंदवावंसं वाटतं. जर्मनीने १९९४ साली काही अझो रंगांवर, म्हणजे एका जातीच्या रासायनिक रंगांवर, बंदी आणली आणि कोणता रंग वापरला हा प्रश्न निर्यातदारांसमोर आला. पण वनस्पतीचा रंग पक्का करायला मोरचूद किंवा क्रोमची क्षारं वापरली, तर त्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. गटाने तुरटी आणि लोखंड एवढ्यावरच थांबायचं ठरवलं.

लोकर: खरखरीतपणाचा उपयोग

दख्खनी लोकर जाड, राठ. अंगाला टोचते म्हणून तिला शालीच्या बाजारात जागा नाही. पण पायाखालच्या वस्तूला हाच गुण लागतो, कारण जाड तंतू दाबला तरी पुन्हा उभा राहतो. तिच्यात एक दोषही आहे: मधूनमधून आखूड, ठिसूळ केस असतात, ते पीळ धरत नाहीत आणि गालिच्यातून गळत राहतात. पहिला नमुना झटकला तेव्हा खाली काळ्या केसांचा सडा पडला.

यावर उपाय निवडण्याचा. पोटाखालची आणि पायाची लोकर बाजूला काढली, पाठीची आणि खांद्याची गालिच्याला घेतली. जावळ, म्हणजे कोकराची पहिली लोकर, फार मऊ म्हणून ती घोंगडीसाठीच राखली. धुण्यासाठी रिठ्याचं पाणी वापरलं. या लोकरीत चिकटपणा कमी आणि माती जास्त असते, त्यामुळे साबणाचं फारसं काम पडत नाही, पाणी मात्र लागतं. माणदेशात पाण्याचा शब्द काढला की सगळे गप्प होतात. कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्यात धुऊन काढायची जुनी पद्धत आहे. ज्या दोन खांडांनी ती पाळली होती त्यांची लोकर निम्म्या पाण्यात स्वच्छ झाली. धुतलेलं पाणी शेवग्याच्या आळ्यांत सोडलं.

हिशेबही इथेच स्पष्ट झाला. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर देते. धुऊन-निवडून ती आणखी घटते. साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट लांब गालिच्याला चार किलोच्या आसपास सूत लागलं, म्हणजे एका गालिच्यामागे नऊ-दहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर. बारा गालिचे तर शंभरेक मेंढ्या. दोन-तीन खांडांत हे बसत होतं, आणि गाठीशी असलेल्या पैशांतून दिवाळीच्या आत तेवढी लोकर उचलली गेली. नक्षी ठरलेली नसताना लोकर उचलायचा हा निर्णय धाडसाचा होता. तो घेतला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

नक्षी: काय दिसतं आणि मागावर काय उतरतं

डिझायनरने पहिल्या आठवड्यात गावात फिरून खूप रेखाटनं केली. त्यातलं तिला सगळ्यात आवडलेलं होतं सारवण: शेणाने सारवलेल्या अंगणात हाताच्या फेऱ्यांनी उमटलेल्या अर्धवर्तुळांच्या ओळी. कागदावर ते देखणं दिसत होतं. मागावर बसणाऱ्या आबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, मागाला गोल कळत न्हाई. पायऱ्या कळत्यात."

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. साध्या विणीत ताणा उभा, बाणा आडवा. गोलाई काढायची तर रंग बदलेल तिथे बाण्याचा धागा हाताने वळवून मागे आणावा लागतो आणि कड पायरीपायरीनेच सरकते. बारीक सुतात या पायऱ्या दिसत नाहीत. या जाड सुतात त्या बोटभर मोठ्या दिसतात. सारवणाचा एक नमुना तरीही विणला गेला. नेहमीच्या तिप्पट वेळ लागला आणि अर्धवर्तुळं शिडीसारखी दिसली. सारवण बाजूला पडलं.

मग काम उलट्या दिशेने सुरू झालं. मागाला जे सहज जमतं तसं गावात काय काय दिसतं, ते शोधायचं. त्यातून तीन नक्षी आल्या.

पहिली वाघर. रात्री मेंढरं कोंडायला धनगर जे जाळं बांधतात ते वाघर. त्याच्या चौकटी तिरक्या, म्हणजे पायऱ्यांनीच चढणाऱ्या. करड्या जमिनीवर काळी वाघर.

दुसरी ताली. डोंगरउतारावर माती अडवायला घातलेल्या बांधांच्या समांतर, पण कधीच एकसारख्या नसलेल्या रेघा.

तिसरीला गटाने कातरण म्हटलं, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली ती सर्वांत मोलाची. मेंढी नुकतीच कातरली की तिच्या पाठीवर कात्रीच्या चालीचे पट्टे राहतात, अरुंद, एकमेकांना चिकटून, एक उंच एक सखल. प्रकाश बाजूने पडला तरच दिसतात. ही नक्षी काळ्या रंगातच विणली: एक पट्टा सैल पिळाच्या सुताचा, पुढचा घट्ट पिळाच्या. रंग एकच, पण घट्ट पिळाचं सूत उजेड वेगळा परतवतं आणि पट्टे उमटतात. ही कल्पना डिझायनरची नव्हती. धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, बसून मेंढी कातरताना पाहत असलेल्या एका विणकर काकूंनी ती सुचवली, तीही गालिच्याच्या नव्हे तर पायपुसण्याच्या संदर्भात.

उजळ रेघेचा रंग ठरवताना गटाचा कौल पिवळ्याकडे गेला, कारण बिरोबाच्या भंडाऱ्याचा पिवळा इथे प्रत्येकाच्या डोळ्यात बसलेला आहे. पण हळदीचा रंग उन्हात उडतो. सांगोला भाग डाळिंबाचा. रस काढणाऱ्यांकडे सालीचे ढीग पडलेले असतात. तुरटीत भिजवलेल्या पांढऱ्या लोकरीवर डाळिंबाच्या सालीने मातकट पिवळा चढला, त्यात लोखंडाचं पाणी घातलं की हिरवट करडा. भंडाऱ्याइतका तो झळझळीत नव्हता. एका आजोबांना शेवटपर्यंत पटला नाही. तरी ताल्यांच्या रेघांना तो शोभला.

ताणा लोकरीचा की कापसाचा

सगळ्यात जास्त वाद या एका मुद्द्यावर झाला. गालिच्यात बाणा इतका ठोकून बसवावा लागतो की ताणा झाकला जातो. हातकताईच्या एकेरी लोकरीचा ताणा, चिंचोक्याची खळ लावूनही, त्या ठोकणीला तुटत होता. दुपदरी केला तर टिकत होता, पण गालिच्याच्या कडा वळत होत्या. सुती ताण्यावर हाच गालिचा जमिनीवर सपाट बसला. ठोकायला सतरंजीवाल्यांसारखा लोखंडी पंजा आणला आणि विरळ घरांची फणी (ताण्याचे धागे जिच्यातून ओवतात ती) बनवून घेतली.

विणकरांचा आक्षेप होता की घोंगडीत कापूस कधी जात नाही. दुकानाचा आक्षेप वेगळा: त्यांना 'शंभर टक्के लोकर' असं छापायचं होतं. डिझायनर विणकरांच्या बाजूने होती. तरी शेवटी गटाने सुती ताणा घेतला आणि मला वाटतं ही निवड योग्य होती. रोज पाय पडणारी वस्तू पंधरा-वीस वर्षं चालली तर तिच्यामागची लोकर, पाणी आणि मेहनत सत्कारणी लागते. कडा वळलेला गालिचा दोन वर्षांत माळ्यावर जातो. कापूसही मातीत जाणारा धागा. ताणा सुती झाला आणि चिठ्ठीवर 'बाणा दख्खनी लोकर, ताणा सुती' असं लिहिलं गेलं. दुकानाने कुरकुर केली, मान्य केलं.

रुंद गालिच्यासाठी दोन पट्ट्या जोडाव्या लागणार होत्या. शिवण लपवायचा प्रयत्न पहिल्या नमुन्यात झाला, तरी ती दिसतच होती. मग ताली या नक्षीत जोडाची रेघ पिवळ्या सुताच्या जाड टाक्यांनी उघडपणे शिवली, आणि ती मोठा बांध म्हणून नक्षीतच बसली. वाघर आणि कातरण जोडून विणायच्या नाहीत, त्या मागाच्या रुंदीतच ठेवायच्या, असं ठरलं.

मजुरीचा हिशेब

सूतकताई हा या सगळ्याचा अरुंद दरवाजा. एका विणकराला पुरेल एवढं सूत द्यायला तीन-चार बायकांना बसावं लागतं. सुरुवातीला मजुरी किलोवर ठरली. दोन आठवड्यांत परिणाम दिसला: सूत जाड व्हायला लागलं, कारण जाड सुताचा किलो लवकर भरतो. ज्या आजी सगळ्यात एकसारखं, नेटकं सूत काढत त्यांच्या हाती सगळ्यात कमी पैसे पडत होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. वही पाहताना डिझायनरच्या ते लक्षात आलं.

मजुरी लडीवर नेली. एका ठरावीक चौकटीवर ठरावीक फेरे म्हणजे एक लडी, आणि सैल पिळाची व घट्ट पिळाची असे दोन दर. घट्ट पिळाला जास्त. यानंतर सुताचा दर्जा सुधारला आणि कातरण ही नक्षी शक्य झाली, कारण दोन तऱ्हेचं सूत आता वेगवेगळं मिळत होतं.

किंमत लावल्यावर दुकान दचकलं. टफ्टिंगच्या गालिच्यापेक्षा ती बरीच वर होती. त्यांनी सुचवलं की मजुरी थोडी खाली आणा, मोठ्या मागण्या येतील. गटाने मजुरीला हात लावला नाही, आकार कमी केला. बारापैकी सहा गालिच्यांऐवजी दोन फूट रुंद लांबट पट्ट्या आणि पलंगाशेजारचे छोटे तुकडे द्यायचे ठरले. त्यामुळे दुकानाच्या खर्चाच्या मर्यादेत माल बसला.

दुकानाची आणखी एक अट होती: तिन्ही नक्षी इतर कोणाला विकायच्या नाहीत. ताली आणि कातरण यांच्याबाबत गटाने एका वर्षासाठी होकार दिला. वाघर मात्र द्यायला साफ नकार दिला. ती धनगरांची वस्तू, ती एका दुकानाला बांधून देणारे आपण कोण, असं आबांचं म्हणणं होतं आणि त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

निष्पत्ती

माल फेब्रुवारीऐवजी एप्रिलमध्ये गेला. कातरण आणि लांबट पट्ट्या लवकर विकल्या गेल्या. जोडाचा मोठा ताली गालिचा बरेच महिने पडून राहिला आणि शेवटी कोकणातल्या एका घरगुती निवासाने घेतला. वाघर गटाने स्वतः प्रदर्शनात विकली.

एक गालिचा परत आला. दुकानाच्या गोदामात तो गुंडाळून, अंधारात, पावसाळाभर पडला होता आणि त्याला कसर लागली. लोकरीच्या गालिच्यांवर कारखान्यात परमेथ्रिनसारखं कीटकनाशक मारतात. पाण्यातल्या जीवांना ते घातक असल्यामुळे गटाने वापरलं नव्हतं. परत आलेला गालिचा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडक उन्हात तापवला, झटकला, आणि खाल्लेल्या जागी त्याच लोकरीचं सूत भरून रफू केला. एका दिवसाचं काम. ताणा शाबूत असल्यामुळे ते जमलं.

उन्हात ठेवलेल्या गालिच्यांची काळी लोकर वर्षभरात टोकांना तांबूस झाली. काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली, काहींना तेच आवडलं. डाळिंबाचा पिवळा टिकला.

लोकर देणाऱ्या दोन खांडांनी पुढच्या कातरणीला स्वतःहून निरोप पाठवला. सूत काढणाऱ्यांपैकी दोघी सुगीत मजुरीला गेल्या, त्या परतल्या नाहीत. एकीची सून आता चरख्यावर बसते.

वेगळं काय करता येईल

मागणी पक्की करण्याआधी माग मोजायला हवा होता. रुंदी, फणीची घरं, ताण किती सोसतो, ही माहिती पहिल्या दिवशी डिझायनरच्या हाती असती तर सारवणावर गेलेला वेळ वाचला असता. अर्थात त्या फसलेल्या नमुन्यातूनच नक्षी शोधायची दिशा बदलली, हेही खरं.

लोकर वाड्यावर, कातरताना, तिथल्या तिथे वेगळी करायला हवी. काळी एका पोत्यात, करडी दुसऱ्यात, पोटाची तिसऱ्यात. घरी आणून मिसळलेली लोकर निवडायला गटाचा फार वेळ गेला. मेंढपाळाने हे करावं तर त्याला निवडलेल्या लोकरीचा वेगळा, जास्त दर द्यायला हवा. नुसतं सांगून तो करणार नाही आणि त्याने का करावं?

साठवणुकीची जबाबदारी कागदावर हवी. महिन्यातून एकदा उलगडून ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचं, हे गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर होतं, दुकानाच्या करारात नव्हतं. काळी लोकर उन्हात तांबूस होते हेही विकतानाच सांगितलं पाहिजे.

काकूंच्या सूचनेवरून आलेल्या नक्षीचे पैसे त्यांना वेगळे मिळाले नाहीत. विणकामाची मजुरी मिळाली, तेवढीच. डिझायनरचं मानधन आधीपासून ठरलेलं होतं, पण नक्षी सुचवणाऱ्या विणकराला काय द्यायचं याची तरतूद कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. पुढच्या मागणीच्या हिशेबात गटाने प्रत्येक कातरण गालिच्यामागे त्यांच्यासाठी एक ठरावीक रक्कम धरली आहे. गेल्या बारांपैकी जे कातरण गालिचे विकले गेले त्यांचं काय, हे अजून ठरायचं आहे आणि दिवाळीआधीच्या बैठकीत तो विषय पहिला घ्यायचा असं आबांनी वहीत लिहून ठेवलं आहे.